एकच तर गोळी

सासूबाईंच्या फ्रीजवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो आणि त्यात सगळ्या घराची उरलीसुरली औषधं. कुणाचं डोकं दुखलं, पोट बिघडलं, झोप येईना, की डबा खाली येतो. मग बोटांनी गोळ्या चिवडायच्या, मुदत संपलेली पट्टी उजेडात धरून बघायची, 'ही मला लागू पडली होती' म्हणून पुढे करायची आणि समोरच्याने निमूटपणे गिळायची. ब्राझीलमधल्या आमच्या उबेराबा शहरात हे घरोघरी चालतं, पण आमच्याकडे त्याला काही धरबंधच नाही. मला त्या डब्याची पहिल्यापासून शिसारी. तळाशी गोळ्यांचा चुरा असतो आणि त्या चुऱ्यात केस.

मी नोटरीच्या कार्यालयात काम करते. लोक कागद आणतात, त्यावरची सही मी आमच्याकडे जपून ठेवलेल्या नमुन्याच्या कार्डावरच्या सहीशी ताडून बघते आणि शिक्का मारते. एकेचाळीस वर्षांची होईपर्यंत हे काम मी कसं रेटलं, ते माझं मला माहीत. एकाच्या कागदावर दुसऱ्याचा शिक्का, गॅस चालू, किल्ल्या आत आणि मी बाहेर. सासरी माझं नावच वेंधळी पडलं होतं. मग डॉक्टर ग्रासिएते भेटल्या आणि कळलं, की हा निव्वळ वेंधळेपणा नाही, लहानपणापासून अंगात असलेला, लक्ष टिकू न देणारा आजार आहे. त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. कुणीतरी इतक्या उशिरा का होईना, मला मूर्ख म्हणायचं नाकारलं होतं.

औषध देण्याआधी बाईंनी माझी उलटतपासणीच घेतली. रक्तदाब बघितला, हृदयाचा आलेख काढायला लावला. घरात कुणी तरणंताठं माणूस अचानक गेलं होतं का, कशाचं व्यसन होतं का, सगळं विचारलं. मग पिवळ्या कागदावर लिहून दिलं. तो कागद औषधाचा दुकानदार ठेवून घेतो, ओळखपत्राचा नंबर टिपतो आणि महिना भरायच्या आत दुसरं पाकीट देत नाही. न्याहारीनंतर एक कॅप्सूल, अख्खी गिळायची, फोडायची नाही. सकाळी विसरली तर दुपारी घ्यायची नाही, कारण झोपेचं खोबरं होतं. कॉफी कमी, रक्तदाब नेमाने.

"आणि कुलपात ठेवा," त्या म्हणाल्या. "मागायला येणारे अनोळखी नसतात."

मी हसले. माझ्याकडे कोण काय मागायला येणार होतं?

पहिले काही दिवस तोंड कोरडं पडायचं, जेवण जायचं नाही. डॉक्टरांनी मात्रा थोडी बदलली आणि बस्तान बसलं. एका सकाळी मी एक सही सुरुवातीच्या वळणापासून शेवटच्या फराट्यापर्यंत सलग बघितली, मध्ये कुठेही न भरकटता. बाकीच्यांना हे रोज फुकट मिळतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

माझा नवरा जुरांदीर मनाने वाईट नाही, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. एका रविवारी जेवताना त्याने गंमत म्हणून सांगून टाकलं, की हिला आता डोकं चालायची गोळी मिळाली आहे. सासूबाई म्हणाल्या, उरतील त्या डब्यात टाक. दीर म्हणाला, मला रात्रीच्या ट्रकसाठी बरी. फक्त माझी नणंद मारिलूसिया जेवायची थांबली. ती काटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

मारिलूसियाचं पार्लर आहे आणि ताइनारा नावाची एकोणीस वर्षांची एकुलती एक मुलगी. मुलीने डॉक्टर व्हायचं, हे आईने ती पाळण्यात असतानाच ठरवलेलं. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं होतं. यंदा नोव्हेंबरमधल्या दोन रविवारी ती कॉलेजप्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेला पुन्हा बसणार होती. मारिलूसियाने सांगितलं, की क्लासमधली सगळी पोरं ही गोळी घेतात, आपलीच का मागे राहावी. मी नाही म्हटलं. ती आठवड्याने परत आली, मक्याचा केक घेऊन. मी पुन्हा नाही म्हटलं. मग तिने मला पार्लरमध्ये बोलावून केस कापून दिले, रंगवून दिले, आणि रविवारच्या टेबलावर मला शेजारी बसवून घेऊन सगळ्यांना सांगायला लागली, की निल्सेयाला विचारा, तिला यातलं कळतं.

सतरा वर्षांत या घरात मला कुणी काही विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते गोड लागलं, आणि आज त्या गोडीचीच मला सगळ्यांत जास्त किळस येते.

मी एक प्रश्न तेवढा विचारला, जो बाईंनी मला विचारला होता.

"तिच्या हृदयाचं काही नाही ना?"

"घोडीसारखी ठणठणीत आहे," मारिलूसिया म्हणाली. "काहीतरीच तुझं. एकच तर गोळी, रोजची एक."

उत्तर काहीही आलं असतं तरी मी दिल्याच असत्या. विचारलं होतं, एवढं स्वतःला सांगता यावं म्हणून विचारलं. चार कॅप्सूल कागदी रुमालात गुंडाळून दिल्या. त्या माझ्याच महिन्यातल्या होत्या, म्हणून चार दिवस मी कोरडी राहिले आणि त्यातल्याच एका दिवशी बापलेकांचं नाव एकच असल्याने मुलाची सही मेलेल्या बापाच्या कार्डाशी जुळवून शिक्का मारून मोकळी झाले. साहेबांनी कागद सगळ्यांसमोर परत केला.

पहिल्या रविवारी ताइनाराने एक घेतली आणि पेपर छान गेला. मारिलूसियाने फोनवर माझ्या नावाने देवाचे आभार मानले. गुरुवारी दुपारी पुन्हा फोन आला. मुलीने जोर वाढावा म्हणून दोन कॅप्सूल फोडून, आतले दाणे एनर्जी ड्रिंकबरोबर घेतले होते आणि ती क्लासच्या संडासात पडली होती.

सरकारी दवाखान्यात ती पांढरीफटक पडून होती. छातीचा भाता कपड्यांवरूनही दिसत होता. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, हिने काय घेतलंय?

"काही नाही हो," मारिलूसिया म्हणाली. "कॉफी आणि परीक्षेचं टेन्शन."

डॉक्टरने पुन्हा विचारलं. जुरांदीरने माझा दंड दाबला. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता. सासूबाई जपमाळ ओढत छताकडे बघत होत्या. आत पोरीचा जीव टांगणीला लागलेला आणि बाहेर हे चौघे घराण्याची अब्रू सांभाळत उभे. मी चौथी, हे मला त्याच क्षणी कळलं.

"माझ्या गोळ्या आहेत," मी म्हटलं. "मी दिल्या." मग औषधाचं नाव, मात्रा, वेळ, सगळं सांगितलं.

त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. तशी नजर मी झुरळावर टाकते. मग त्याने मारिलूसियाला विचारलं, की मुलीला हृदयाचा काही त्रास होता का, अगदी लहानपणीसुद्धा.

मारिलूसिया फरशीकडे बघत म्हणाली, "जन्मतः छिद्र होतं. पण ते बुजलं."

घोडीसारखी ठणठणीत. एकोणीस वर्षं तिला ते छिद्र माहीत होतं.

संध्याकाळपर्यंत ठोके ताळ्यावर आले. डॉक्टरने बजावलं, की रविवारी परीक्षेला बसायचं तर बसू दे, पण हृदयाच्या डॉक्टरांनी नीट तपासल्याशिवाय असली एकही गोळी नाही, एनर्जी ड्रिंक नाही. बाहेर आल्यावर मारिलूसिया मला म्हणाली, तू दिलीस. ते खरंच होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. शुक्रवारी मी ग्रासिएते बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. आता मला एका वेळी दहाच दिवसांचं औषध मिळणार, आणि मी मान खाली घालून कबूल केलं.

रविवारी न्याहारीनंतर कुलूप काढून मी माझी कॅप्सूल तोंडात टाकली आणि पाण्याचा पेला हातातच राहिला. दिल्या चार. पहिल्या रविवारी एक, गुरुवारी दोन. चौथी कुठे होती? मारिलूसियाला बारा वेळा फोन केला. उचलला नाही.

परीक्षेच्या शाळेचं फाटक एक वाजता बंद होतं. मी पावणेएकला पोचले. उशिरा येणाऱ्या पोरांचं रडणं बघायला काही लोक दरवर्षी खुर्च्या आणि बिअर घेऊन फाटकासमोर बसतात, तसे ते बसले होते. ताइनारा रांगेत होती, हातात पारदर्शक बाटली आणि काळं पेन. आई तिच्या केसांना चिमटा लावत होती.

"चौथी कुठाय?" मी ताइनाराला विचारलं.

मारिलूसिया मध्ये आली. "तमाशा नकोय हं मला. जाऊ दे तिला आत."

"मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"दोन घेतल्या म्हणून झालं ते. गेल्या रविवारी एकच घेतली होती, काय झालं? एकीने काही होत नाही."

मुलगी काहीच बोलेना. ओठ घट्ट मिटलेले, एक गाल किंचित फुगलेला. पाण्याची बाटली उघडी. मग माझ्या लक्षात आलं. रांगत्या पोराने तोंडात बटण घातल्यावर धरतो, तसा मी तिच्या हनुवटीखाली हात धरला.

"थुंक, ताइनारा."

तिने आईकडे बघितलं. आईने डोळ्यांनीच सांगितलं, गीळ. फाटकावरचा माणूस ओरडला, पाच मिनिटं राहिली.

"नापास झालीस तर पुढच्या वर्षी बस," मी म्हटलं. "पुढचं वर्ष असायला हवं ना पण."

तिचे डोळे भरून आले आणि ती थुंकली. "मला नको होती, मामी," एवढंच म्हणाली आणि बाटलीचं झाकण न लावताच आत पळाली.

माझ्या तळव्यावर कॅप्सूल पडली होती, लाळेने चिकट, टोपण मऊ होऊन वाकडं झालेलं. मारिलूसिया वाकून बघायला लागली. मला वाटलं, आता तरी रडेल. तिने नखाने ते टोपण हळूच उचललं.

"आतले दाणे अजून कोरडे आहेत बघ," ती म्हणाली. "पुसून दिले, तर कुणी आत नेऊन देईल का तिला?"

मी मूठ आवळली आणि फाटक बंद होईपर्यंत उघडली नाही.