तीन दिवसांनी लहान

"संस्कृतीचा शेवटचा दरवाजा थिएटरचा असतो, आणि तो राखायला ताठ कण्याचा माणूस लागतो!" असं जाहीर करून निवृत्त मुख्याध्यापक हैबतराव प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. खुर्चीचा मागचा पाय वाकला. दारावरच्या महिपतीने पायाखाली वीट सरकवली आणि संस्कृतीचं रक्षण सुरू झालं.

रोह्याच्या या थिएटरात हैबतरावांना कोणी नेमलं नव्हतं. पण महिपती त्यांचा जुना विद्यार्थी. त्यांना नाही म्हणायची सवय त्याला शाळेत लागली नाही, ती आता कुठून लागणार?

महिन्यापूर्वी हैबतराव आठ वर्षांच्या नातीला घेऊन पेणला सिनेमाला गेले होते. दाखला होता तेरा वर्षांवरचा, पालकांच्या मार्गदर्शनाखाली. मध्यंतरापर्यंत नायकाने एकतीस माणसं कापली. हैबतरावांनी मोजली. पुढच्या रांगेत एक तान्हं मूल बाटलीने दूध पीत होतं. घरी येऊन त्यांनी सेन्सॉर बोर्डाला चार पानी पत्र लिहिलं. नातीला कोण घेऊन गेलं होतं, एवढा मुद्दा पत्रात राहून गेला. उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी घरातून खुर्ची आणून थिएटरच्या दारात मांडली.

या आठवड्याचा सिनेमा वीटभट्टीवरचा होता. त्यात कोणी कोणाला कापत नव्हतं. मुकादम शिव्या देत होता. म्हणून तो फक्त प्रौढांसाठी.

गुरुवारी दुपारी तीनच्या खेळाला सात माणसं आली. हैबतरावांनी सातही आधार कार्डं तपासली. त्यांतले एक गृहस्थ कवळी लावून आले होते. मग निडीच्या वाडीवरून वीटभट्टीवर काम करणारा काळू आला. सोबत त्याची मुलगी पारी. केसांना तेल, नवा ड्रेस, हातात दोन तिकिटं.

"दाखव गो आधार," काळू म्हणाला.

हैबतरावांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. "एक जून दोन हजार सात. आज एकोणतीस मे. तीन दिवस कमी आहेत. रविवारी या."

"रविवारी पिच्चर नाय," पारी म्हणाली. "आज शेवटचा खेळ. उद्या दुसरा लागतोय."

"मग मोबाइलवर बघ."

"गुरुजी, त्यात मी हाय."

महिपतीने तिकिटं फाडायचं थांबवलं.

खरंच होतं ते. शूटिंगवाले भट्टीवर आले तेव्हा डोक्यावर विटा घेऊन न अडखळता चालणारी एक मुलगी त्यांना हवी होती. पारीला नऊ वेळा चालवलं, एकदा वडापाव दिला. चुलतभाऊ दिनेश सोमवारी सिनेमा बघून आला आणि म्हणाला, "मध्यंतरानंतर मुकादम चहा पितो ना, तेव्हा मागून जातेस. चार सेकंद. डोळा लवला तर गेलीस."

"म्हणजे तू यात काम करू शकतेस, पण बघू शकत नाहीस," महिपती म्हणाला.

"नियम नियम असतो," हैबतराव म्हणाले. "त्यात भाषा वाईट आहे."

काळू हसला. "गुरुजी, एवढ्या शिव्या तर आमचा मुकादम चहाच्या आधी देतो. पारी आठ वर्षांची असल्यापासून ऐकते. तिथं नाय कोणी आधार मागत."

विषय बदलावा म्हणून हैबतरावांनी पुन्हा कार्ड बघितलं.

"आणि ही तारीख तुम्हीच लिवलीय," काळू म्हणाला. "आठवतंय काय? शाळेत घालायला आणली, तुम्ही विचारलंव, जन्म कधीचा? मी बोललो, होळीची लाकडं आणली त्या दिवशी. तुम्ही बोललाव, असं रजिस्टरात बसत नाय. आणि लिवलंव एक जून."

आठवत होतं. त्या वर्षी वाडीवरची अकरा मुलं आली आणि अकराही एक जूनला जन्मली.

"माझीपण एक जूनच आहे, सर," महिपतीने हळूच सांगितलं.

हैबतरावांची स्वतःचीही एक जूनच होती. ती त्यांच्या गुरुजींनी लिहिली होती, आणि तिच्या जोरावर ते एकतीस मेला हारतुरे घेऊन निवृत्त झाले होते. आईच्या मते ते गणपतीतले.

आतून जाहिराती सुरू झाल्याचा आवाज आला. पारीने तिकिटं घट्ट धरली होती, इतकी की ती दमट झाली होती.

हैबतरावांनी खिशातून पेन काढलं आणि तिकिटाच्या पाठीवर लिहिलं: 'जन्म होळीच्या दिवशी. अठरा पूर्ण. पूर्वीची नोंद माझ्या सोयीची होती.' खाली सही केली. शिक्का नव्हता, त्याचं त्यांना वाईट वाटलं.

"गुरुजी, तुम्ही बघितलाव काय हा पिच्चर?" काळूने विचारलं.

"नाही."

"मग चला की."

महिपतीने त्यांना फुकट सोडलं. तिघं आत गेली. पारी आणि काळू मागे बसले, हैबतराव त्यांच्या बरोबर पुढच्या रांगेत, ताठ. मध्यंतरापर्यंत त्यांनी सतरा शिव्या मोजल्या. मध्यंतरानंतर पडद्यावरचा मुकादम एका म्हाताऱ्यावर असा काही घसरला की हैबतरावांना राहवलं नाही. ते उभे राहिले, हात वर केला आणि गरजले, "हे थांबलं पाहिजे! भट्टीवरसुद्धा थांबलं पाहिजे!"

सात माणसं वळून बघू लागली. कवळीवाल्या गृहस्थांनी टाळी वाजवली.

मागून एक बोट त्यांच्या खांद्याला लागलं.

"गुरुजी, जरा खाली बसा ना," पारी म्हणाली. "मुकादमाचा चहा आलाय."