ट्यूबलाइटखालचे आकडे

नेमबाजीच्या त्या बंदिस्त हॉलमध्ये मास्तरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. वीस वर्षं ते तिथे एअर रायफल शिकवत होते. रायफल बिघडली की ती दाजींकडे जायची. दाजी म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान; दोन गल्ल्यांपलीकडे त्यांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. मास्तरांना रायफल खोलायला आणि जोडायला शिकवलं तेही दाजींनीच.

त्या रविवारी दाजी एक रायफल दुरुस्त करून घेऊन आले. आतली हवा धरून ठेवणारी सगळी सीलं त्यांनी बदलली होती. स्पर्धा पंधरा दिवसांवर आलेली, म्हणून मास्तरांनी गोळीचा वेग मोजायचं यंत्र मांडलं. यंत्र तसं साधं. एका पट्टीवर फूटभर अंतराने दोन डोळे. गोळीची सावली पहिल्या डोळ्यावरून गेली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेली की बंद. नळीच्या तोंडापासून ते जरा लांब ठेवावं लागतं, नाहीतर सुटलेल्या हवेच्या झोतानेच ते फसतं. एवढं मास्तरांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यावरच ते स्वतःला जाणकार समजत होते. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका खोक्यात तशीच घडी न मोडता पडून होती.

पहिली गोळी सेकंदाला एकशे बहात्तर मीटर. दुसरी एकशे नव्वद. तिसरी एकशे एकसष्ट. चौथीला आकडाच नाही, नुसत्या रेघा. चांगल्या रायफलीचा आकडा एक-दोनच्या वर हलत नाही.

"एकदा मशीन तपासून बघ रे," दाजी हळूच म्हणाले.

हॉलमध्ये पंधरा-वीस जण होते. सगळ्यांचे कान इकडे लागलेले. मास्तरांना वाटलं, आपल्यालाच शिकवतात हे!

"मशीन खोटं बोलत नाही, दाजी. तुमचे हात थकलेत आता. वय झालं तुमचं. उगाच कुणाची स्पर्धा घालवू नका."

रोज सरावाला येणारी दाताची डॉक्टरीण निशाणाचा कागद हातात घेऊन पुढे झाली. "मास्तर, पण चारही गोळ्या एकाच भोकातून गेल्यात. वेग एवढा कमीजास्त असता तर..."

"तुम्ही दात बघा, बंदुका मी बघतो."

लोक हसले. दाजींनी एकदा आपल्या तळहातांकडे पाहिलं, पिशवीची घडी घातली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून हॉलच्या रायफली पेठेतल्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागल्या.

त्या दुकानातून आलेली रायफलही तशीच वेडेवाकडे आकडे दाखवू लागली तेव्हा मास्तर म्हणाले, "हाही तसलाच निघाला." मग एका दुपारी वायरमन आला. महिन्याभरापूर्वी मास्तरांनीच हौसेने जुने बल्ब काढून ट्यूबलाइट लावून घेतल्या होत्या. त्यातली एक बंद पडली होती. त्याने सगळ्याच ट्यूब बंद केल्या आणि शिडीवर चढला. मास्तरांनी हजेरी लिहायच्या टेबलावरचा जुन्या पिवळ्या बल्बचा दिवा यंत्राकडे वळवून ठेवला आणि सहज एक गोळी सोडली.

एकशे एकाहत्तर. पुन्हा एकशे एकाहत्तर. मग एकशे बहात्तर.

"झालं, लावतो," वायरमन म्हणाला. ट्यूब लागल्या. एकशे अठ्ठ्याऐंशी. रेघा. एकशे बासष्ट.

मास्तरांनी खोक्यातून पुस्तिका काढली. तिसऱ्याच पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ट्यूबलाइटच्या उजेडात यंत्र वापरू नये. तो उजेड सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. माणसाला ते दिसत नाही, पण यंत्र त्यालाच गोळीची सावली समजतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगणच वाकडं होतं, आणि बोल लागला तो नाचणाऱ्याला.

"काय झालं मास्तर? घाम फुटलाय तुम्हाला," वायरमनने शिडी उचलता उचलता विचारलं.

"काही नाही. उकडतंय."

चार दिवस मास्तर गप्प बसले. रायफल खोलायला शिकवताना दाजींनी दिलेला पहिला पेचकस अजून मास्तरांच्या कपाटात होता. कपाट उघडायचं त्यांनी टाळलं. कुणाला कळणार आहे, असं स्वतःला समजावत राहिले. पाचव्या दिवशी त्यांचे पाय आपोआप बहिणीच्या घराकडे वळले.

घराच्याच पुढच्या खोलीतल्या दुकानाचं दार अर्धं ओढलेलं. दाजी आत नुसतेच बसले होते. हत्यारं तेल लावून, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलेली.

"ये. तू म्हणालास ते मनाला लागलं, म्हणून डॉक्टरकडे जाऊन आलो," दाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "ते म्हणाले, हात ठणठणीत आहेत. मी म्हटलं, अहो, मशीनने सांगितलंय. मशीन खोटं कशाला बोलेल?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजींनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. उंबऱ्यातच उभं राहून, अडखळत, त्यांनी ट्यूबलाइटपासून पुस्तिकेपर्यंत सगळं सांगितलं. वर "हे मला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं" हेही सांगितलं.

आतून ताई हात पुसत बाहेर आली.

"बोललास वीस जणांत, आणि माफी मागतोस चार भिंतींच्या आत? जिथे बोललास तिथे जाऊन सांग. मग चहा मिळेल."

रविवारी मास्तरांनी सगळ्यांना थांबवलं. आधी ट्यूबखाली गोळ्या मारून दाखवल्या, मग पिवळ्या दिव्याखाली. "चूक दाजींची नव्हती. माझी होती. मला पुस्तिका वाचायचा कंटाळा आणि बोलायची घाई." मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मास्तरांनी मान वर केली नाही. मग डॉक्टरणीपुढे जाऊन ते म्हणाले, "भोक एकच होतं. तुमचं बरोबर होतं." तिने नुसती मान हलवली.

दाजींनी पेटी पुन्हा उघडली, हॉलच्या रायफली पुन्हा त्यांच्याकडे जाऊ लागल्या. ताईने चहाही दिला. पण दाजी आता हॉलमध्ये पाऊल टाकत नाहीत. मास्तर स्वतः रायफल आणायला जातात तेव्हा ते एवढंच म्हणतात, "आता आकडे तोंडी नकोत. कागदावर लिहून दे. खाली सही कर."

मास्तर दर वेळी दहा आकडे लिहितात, सही करतात, आणि तो कागद दाजींच्या हातात देताना अजूनही त्यांच्या नजरेला नजर देऊ शकत नाहीत.