रॅमला हळदकुंकू

निमोण्यात अर्ज भरून देणाऱ्या अनिताचा कॉम्प्युटर नेमका खंडेनवमीला बंद पडला. गावातल्या अपेक्षाच्या रेल्वेभरतीच्या अर्जाला आजचाच दिवस उरला होता, आणि डबा नुसता टीं टीं करत होता.

"अहो, काय केलंत याला?"

"ट्रॅक्टरसारखाच उघडून पुसला, आन् आतून पूजा केली," नवरा सत्यजीत ऐटीत म्हणाला.

अनितानं झाकण काढलं, मेमरीची पट्टी बाहेर ओढली. रॅमच्या त्या पट्टीच्या सोनेरी दातांना हळदकुंकू फासलेलं!

"अकलेला कवा हळदकुंकू लावणार?" ती कडाडली. तिनं खोडरबरानं दात घासले, पट्टी दाबून बसवली. पडदा उजळला.

एवढ्यात सत्यजीत झेंडूचा हार घेऊन आला.

"स्वतःच्या गळ्यात घाला आन् गोठ्यात बसा जाऊन!"

अर्ज भरून झाल्यावर तिनं गोठ्यात डोकावलं. सत्यजीतच्या गळ्यातला हार बैल खात होता.