उसना आवाज

मी अडखळेराव बोलतोय. शब्दभ्रमाच्या खेळातला लाकडी बाहुला. आजवर बोललो ते सगळं मास्तरांचं. आजचं तेवढं माझं.

एका सुतारानं मला हलक्या लाकडातून कोरलं. सुपासारखे कान, बटबटीत डोळे आणि दोरी ओढली की उघडणारा जबडा. ओठ न हलवता बोलायचं आणि ते माझ्या तोंडी घालायचं, हा मास्तरांचा धंदा. माझा कोट त्यांच्या धाकट्या बहिणीनं, चिमीनं शिवला. बटणं लावता लावता ती माझ्याशी बोलायची.

"क-कसा ऐटीत दि-दिसतोस रे!"

माझ्याशी बोलताना तिला घाई नसायची. मी काही मध्येच तोंड घालणारा नव्हे.

मास्तरांना माझ्यासाठी आवाज सापडत नव्हता. म्हाताऱ्याचा काढला, पोराचा काढला. लोक जांभया द्यायचे. एकदा खेळ पार फसत चालला होता, तेव्हा त्यांच्या गळ्यातून चिमीचं तोतरं बोलणं निघालं. सभागृह खो खो हसलं. त्या दिवशी मला नाव मिळालं.

पुढच्या खेळाला चिमी पहिल्या रांगेत बसली होती.

"प-प-पाणी द्या हो!" मी म्हणालो. लोकांनी पोट धरलं. तो तिचाच 'प' होता. ओठ घट्ट मिटून, मान जराशी झटकून. मास्तरांनी मानेचा तो झटकासुद्धा उचलला होता. सगळे हसत होते म्हणून तीही हसली. मग खाली बघत राहिली.

घरी आल्यावर म्हणाली, "दा-दादा, तो मा-माझा..."

"अगं, गंमत असते ती! मनाला काय लावून घेतेस?"

गल्लीतली पोरं तिला अडखळेबाई म्हणू लागली. ती दुकानात बोटानं वस्तू दाखवू लागली, घरात मानेनं होय-नाही करू लागली. माझा कोट उसवला की शिवायची, पण मुकाट्यानं. मी गावोगाव तोंड भरून बोलत होतो आणि जिचं ते बोलणं, ती गप्प होत गेली.

वर्षं गेली. लोकांची बोलण्याची रीत बदलली. शेजारच्या काकू आधी सरळ "ती तोतरी" म्हणायच्या. आता "त्यांना बोलायची जरा अडचण आहे" म्हणू लागल्या. शब्द मऊ झाले. चिमीचं वाक्य पुरं होईतो थांबायला मात्र काकूंना अजूनही सवड नसे.

मग एका समारंभात मी "प-प-" म्हटलं आणि हसू आलंच नाही. एक बाई मुलीचा हात धरून उठून गेल्या. खेळ संपल्यावर संयोजिका म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या कलेबद्दल आदर आहे. पण असल्या नकला आता चालत नाहीत. कुणाचं तरी मन दुखतं."

"कुणाचं? इतक्या वर्षांत एक माणूस तक्रार घेऊन आला नाही!" मास्तर फणकारले. "आता हसायचीही चोरी!"

तेच त्यांनी घरी चिमीला सांगितलं. "तूच सांग, तुला कधी वाईट वाटलं का?"

ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली. ओठ घट्ट मिटले, मान झटकली, शब्द येऊ घातला.

"बघ, नाहीच ना!" म्हणत मास्तर हात धुवायला गेले.

त्याच हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं ती गेली. मास्तरांनी खेळ सोडले आणि मला पेटीत घातलं.

एका दुपारी पेटी उघडली. मास्तरांनी मला मांडीवर घेतलं, पाठीत हात घातला.

"दा-दादा, जे-जेवायला चल."

हुबेहूब ती. आता कुठल्याही सभागृहाला नको असलेला तो आवाज जगात फक्त माझ्या तोंडात उरला होता. मास्तर थांबले नाहीत. तेव्हापासून ती रोज बोलते. औषध घे म्हणते, दार लाव म्हणते. जिवंतपणी इतकं कधी बोलली नव्हती. ऐकू आलं की शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात.

काल मास्तरांनी मला विचारलं, "चिमे, तुला वाईट वाटलं होतं का गं?"

बोट दोरीवर होतं. जराशी ओढली असती तर मी "ना-नाही रे दादा" म्हणालो असतो; मला काय, बोलवाल ते बोलतो. जबडा अर्धवट उघडला आणि तसाच राहिला. मास्तर माझ्या तोंडाकडे बघत थांबले. खूप वेळ थांबले.

मास्तर, ओढू नका दोरी. एवढं उत्तर तरी तिचं तिच्याकडे राहू द्या.