न झालेला पू

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या बेंबीवरची पट्टी सोडली आणि जखमेची कड बोटानं हलकेच दाबली. काहीच आलं नाही. भोवतीची कातडी जांभळी पडली होती, खड्डा खोल होता, पण पू नव्हता.

गायत्रीला त्याचं समाधानच होतं. सात आठवड्यांच्या लेकीला तिनं दुसऱ्या बाईचा हात लागू दिला नव्हता. दिवसातून चार वेळा उकळलेल्या पाण्यानं बेंबी पुसायची, फडकी उन्हात वाळवायची. नाळ मात्र सहा आठवडे गळली नाही, आणि गळली तेव्हा ही जखम मागे ठेवून गेली. हे सगळं तिनं गुजरातीत सांगितलं आणि शेवटी म्हणाली, बघा ना, जखम किती स्वच्छ आहे.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा वाचला. मग विचारलं, याआधी एखादं मूल गेलंय का?

गायत्रीचा नवरा योगराज सुरतेजवळच्या पलसाण्याच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यातून तसाच आला होता. तो आपल्या निळ्या नखांकडे पाहू लागला. त्याची आई सरलाबाई दाराशी भिंतीला टेकून उभी होती. तिला गुजराती कळत नसे.

"एक मुलगा," गायत्री म्हणाली. "प्लेगच्या साली."

चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीनं सुरत रिकामी झाली, तेव्हा नववा महिना लागलेली गायत्री खानदेशात सासरी गेली होती. कळा अवेळी सुरू झाल्या, सुईण मिळाली नाही आणि नाळ सरलाबाईनंच कापली. पस्तिसाव्या दिवशी बाळ गेलं, बेंबी काळी पडून. "यांच्या हातानं गेलं," एवढंच गायत्री तेव्हा चारचौघींत म्हणाली होती. सरलाबाई तिची नुसती सासू नव्हती, सख्खी आत्याही होती. भावाची ही मुलगी तिनंच हौसेनं मागून आणली होती. पुढे ती मुलाबरोबर सुरतेला आली, पण एका खोलीत राहूनही दोघींमध्ये ताटात वाढण्यापुरतंच बोलणं उरलं. या खेपेला तर गायत्रीनं तिला पाळण्याजवळही येऊ दिलं नव्हतं.

नवरा-बायको नात्यातले का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. योगराजनं मान डोलावली. मामाची मुलगी, तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. जखम झाली की तिथून एक द्रव्य सुटतं, त्या सांगू लागल्या. ती हाकच असते. ती पोचली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिरेच्या भिंतीला धरतात, भिंतीतून बाहेर पडतात आणि जखमेकडे चालत जातात. तिथे जंतूंशी लढून मेल्या की त्यांचाच पू होतो. या बाळाच्या रक्तात त्या पेशी कितीतरी पट जास्त आहेत. हाक जाते, पेशी गोळाही होतात. पण भिंत धरणं त्यांना जमत नाही, म्हणून एकही जखमेपर्यंत पोचत नाही. हा दोष जन्माचाच. आई आणि बाप, दोघांकडूनही तो आला तरच मूल असं होतं, आणि नात्यातल्या लग्नात हे जास्त घडतं.

गायत्री बराच वेळ रिपोर्टाकडे बघत राहिली. तो तिला वाचता येत नव्हता.

"पहिल्याची नाळ नीट कापली असती तर?"

"कोणीही कापली असती, तरी तेच झालं असतं."

बाळाला लगेच दाखल करायला सांगितलं. इंजेक्शनांनी जखम काही दिवस आवरता येईल. पुढे कोणाच्या तरी हाडांतली जुळणारी मज्जा मिळाली, तर दक्षिणेतल्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. खात्री कशाचीच देता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर योगराजनं आईला सगळं अहिराणीत समजावलं. शब्द अडत होते. नाळेचं सांगताना त्यानं गायत्रीकडे पाहिलं नाही. सांगून झाल्यावर तो कागद भरायला गेला.

दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. गायत्रीच्या मांडीवर बाळ झोपलं होतं.

"फुई," गायत्रीनं हाक मारली. लग्नाआधी ती आत्याला असंच म्हणायची.

सरलाबाईच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. तोंड अर्धवट उघडं होतं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"योगराजना पहिले मन्ह्या दोन पोरी गयात," ती म्हणाली. "अश्याच. बेंबी काळी पडीसन. मी बी मन्ह्या मामानाच घर दियेल व्हती."

हे तिच्या माहेरी कधीच कोणी बोललं नव्हतं.

"नाळ सासूनी कापेल व्हती. बावीस वरीस मी तिनासंगे बोलनू नही." सरलाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. "मरतांना तिनी मन्हा हात धरा. मी काही करं नही व सरला, म्हने."

तिनं पदर सोडला आणि हात झटकन मागे ओढला.

"मी हात सोडाई लिधा."