आत्याची डबी

"मॅडम, कॅन्सर तापट आहे की थंड स्वभावाचा, हे आधीच ओळखता येतं का?"

अख्खा वर्ग फिस्सकन हसला. हा प्रश्न विचारलास तर सात रस्ता चौकातली भेळ माझ्याकडून, अशी पैज शेजारच्या बाकावरच्या सोनालीनं लावली होती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी उत्कर्षा आज ताठ उभी होती. भेळेसाठी नव्हे, शकुंतला आत्यासाठी.

व्याख्यानाला आलेल्या डॉक्टर महेश्वरी मॅडम मात्र हसल्या नाहीत. "कुठल्या कॅन्सरचं विचारतेस?"

"थायरॉइडच्या. गळ्यातल्या."

"नेमकं विचारलंस की गं!"

मॅडम सांगू लागल्या. थायरॉइडचे बहुतेक कॅन्सर गुपचूप बसून असतात, एखादाच उधळतो. सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून गाठीतली प्रथिनं तपासून उधळणारा आधीच हेरता येतो का, याचा शोध चाललाय. "पक्कं उत्तर अजून हाती नाही. त्यासाठी जुन्या गाठींचे मेणात घातलेले तुकडे लागतात, पुढं त्या पेशंटचं काय झालं हे ठाऊक असलेले. घरचे लोक ते दवाखान्यातून नेतात आणि हरवतात, नाहीतर नदीत सोडतात."

उत्कर्षा खाली बसली. तिच्या घरचा तुकडा हरवला नव्हता. देव्हाऱ्यात होता.

आत्याचा कॅन्सर सगळ्यांनी साधाच म्हटला होता. गाठ काढली की संपलं! तो फुप्फुसात कधी शिरला ते कळलंच नाही, आणि आत्या गेली. "उत्के, ए उत्के, खाली ये की!" अशी जिन्याखालून हाक यायची. अजूनही शाळेतून आली की उत्कर्षा पहिल्या पायरीवर उगाच थांबते.

बाबांनी तिच्या गाठीचा तो मेणातला तुकडा आत्याच्या पितळी सुपारीच्या डबीत ठेवला. डबी उघडली की बडीशेपेचा वास येतो, आत्याच्या पदराला यायचा तसाच. गेल्या भाऊबीजेला बाबा डबी उघडून तिच्यासमोर पाटावर बसले, स्वतःच कुंकू लावून घेतलं आणि निरांजन डबीला टेकवून ठेवलं. धगीनं मेणाचा कोपरा ओघळला. बाबांनी तो बोटानं सारखा केला, लहान मुलाचं नाक पुसावं तसा.

तास सुटल्यावर तिनं मॅडमना दारातच गाठलं. कोपरा वितळलेला चालतो?

"आतला तुकडा शाबूत असेल तर चालेल. पुन्हा दिव्याजवळ मात्र नको. आणि घरच्या मोठ्या माणसाची सही लागेल."

"ए, भेळ?" सोनाली मागून ओरडली.

"लई भूक लागलीय तर तूच खा!" म्हणत उत्कर्षा घराकडे पळाली.

घरी आई चकलीचं पीठ मळत होती. बाबा भाऊबीजेचा पाट पुसत होते.

"आई, बाबा, ऐका. यंदा डबीपाशी दिवा नको. आतलं मेण वितळेल."

"आल्या आल्या हे काय काढलंस?" आईचे हात पिठातच थांबले.

उत्कर्षानं मॅडमचं बोलणं एका दमात सांगून टाकलं. बाबा देव्हाऱ्याकडे बघत राहिले. "तिचं एवढंच उरलंय गं माझ्यापाशी."

"मलापण ती हवीय, बाबा. जिन्यात रोज थांबते मी. या भाऊबीजेला बसा तिच्यासमोर, हवं तेवढा वेळ. दिवा लांब ठेवून. आणि दुसऱ्या दिवशी मी डबी घेऊन मॅडमकडे जाणार. सहीला तुम्ही यायचं. ठरलंय माझं."