वळणावरचा दांडा

पार्वतीबाईंच्या घरातल्या जिन्याचं अख्ख्या गल्लीत नाव होतं, आणि ते काही कौतुकाचं नव्हतं. त्या जिन्याच्या कठड्याचा एकही लाकडी दांडा दुसऱ्यासारखा नव्हता. पार्वतीबाईंचे मालक साहेबराव शिरूरमधल्या लाकडाच्या वखारीत कामाला होते. कुठं जुनं घर पाडलं, कुठं थेटर मोडलं, की तिथलं लाकूड वखारीत यायचं. त्यातला एखादा सुटा दांडा शेटजींना विचारून साहेबराव सायकलला बांधून घरी आणायचे. एकाच्या पोटाला फुगवटा, एकाचं बूड चौकोनी, वळणावरच्यावर कोरलेलं कमळ. "भंगार आणत्यात निस्तं," असं पार्वतीबाई तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. साहेबरावांना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, आणि त्याच भंगाराच्या आधारानं पार्वतीबाई घरात उभ्या होत्या. हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांना दिसेनासं झालं होतं. दौंडला धाकट्या बहिणीकडे, धुरपदाकडे गेल्या असताना तिथल्या शिबिरात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येत नाही, उरली ती टिकवायला थेंब घाला, म्हणाले. थेंब त्या गुपचूप घालत होत्या. अगदी जवळ आलेलं माणूस अजून धूसर कळायचं, पण पायाखालचं सगळं गेलं होतं.

घरी सांगायचं नाही, हे त्यांनी दौंडमध्येच ठरवलं. त्याला कारण धुरपदाच होती. तिचे डोळे आधीच गेलेले. मुलं सोन्यासारखी, त्यांनी तिला खाट दिली, पंखा दिला, टीव्ही लावून दिला आणि सांगितलं, "आई, तू निस्ती बसून राहा." धुरपदा बसली. सूनही गोड बोलायची, पण तान्हं पोर काही तिच्या मांडीवर द्यायची नाही.

"आक्का, मला समदं देत्यात," धुरपदा म्हणाली होती. "फकस्त पोर देत न्हाईत."

आणि इथं पार्वतीबाईंकडे तेजू होती. तेजश्री, त्यांच्या सतीशची लेक. सतीश रांजणगावच्या कंपनीत, सून गौतमी पतसंस्थेत. दिवसभर पोर आजीच्या ताब्यात. दुपारी ती वरच्या खोलीत झोपायची, उठली की तिला कडेवर घेऊन पार्वतीबाई दुधासाठी खाली स्वयंपाकघरात यायच्या. एक हात पोरीभोवती, दुसरा दांड्यांवर. फुगवटा लागला की निम्मा जिना झाला, कमळ लागलं की वळण, तिथं पायरी आतून निमुळती, पाय बाहेरच्या अंगाला टाकायचा. चौकोनी बूड आलं की जमीन. पायऱ्या मोजून पाहिल्या होत्या त्यांनी, पण कडेवरची तेजू काहीबाही बडबडायची आणि मोजणी मोडायची. दांडे कधी मोडले नाहीत. हे आपण करतो ते बरोबर आहे का, हा विचार त्यांना छळायचा. छळून झाला की त्या पुन्हा पोरीला उचलायच्या.

मग एका रविवारी तेजू कठड्याला धरून उभी राहिली आणि दांडा बुडापासून सुटून खाली घरंगळला. सतीशनं पोरीचा फ्रॉक धरला म्हणून निभावलं. दांड्याच्या पोटात वाळवीनं नुसता भुसा करून ठेवला होता.

"बास!" सतीश म्हणाला. "समदं काढायचं. उद्याच्याला वजीरमामाला बोलावतो. स्टीलचं करू."

"वाळवीचं औशिद मारू की," पार्वतीबाई म्हणाल्या. "तुझ्या बापाची आठवण हाय ती."

बोलल्या आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. मेलेल्या माणसाच्या आड लपायचं, तेही ज्याला या लाकडावरून जन्मभर टाकून बोललं त्याच्या! आणि पोर पडता पडता वाचलेली. पण पोर वाचवायची तर जिना बदलायचा आणि जिना बदलला की पोर जायची, असा तो तिढा होता.

गौतमीच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. ती भल्या घरची, भल्या मनाची पोर. म्हणाली, "आई, त्यातला एक चांगला दांडा आपण ठेवू. पॉलिश करून टीव्हीशेजारी उभा करू."

वजीरमामांचं पाबळ रस्त्याला फॅब्रिकेशनचं दुकान होतं. साहेबरावांना ते ओळखत. माप घेताना त्यांनी विचारलं, "वहिनी, मधीमधी काय डिझाईन टाकू का? फूल, वेल?"

पार्वतीबाईंनी तोंड उघडलं, तोवर सतीश बोलला, "काय नको मामा. सरळ आन् सारखं. पोरीचं डोकं अडकाया नको."

दोन दिवस कटरची किरकिर चालली. लाकडी दांडे अंगणात पडले, पुढे बंबात गेले. कमळाचा तेवढा टीव्हीशेजारी उभा राहिला, आणि आलेला-गेलेला म्हणू लागला, "वा, काय अँटिक पीस हाय!"

पार्वतीबाईंनी नव्या दांड्यांवर पहिल्यांदा हात टाकला. सगळे गार, सगळे गुळगुळीत, सगळे एकसारखे. पण माणूस अडला की वाट काढतोच. स्टीलवर दुकानातलं पातळ प्लास्टिक तसंच गुंडाळलेलं होतं. आपल्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं म्हणजे ती जुनी करणं. फ्रीज असो, गाडीची सीट असो. "राहू द्या, चरे पडत्यात," सतीशनं हुकूम सोडला होता. बसवताना वळणावरच्या दांड्याचं प्लास्टिक फाटून त्याची चिंधी लोंबत राहिली होती आणि शेवटच्याला चिकटपट्टीचा गठ्ठा होता. त्या दोन खुणांवर पार्वतीबाई आठवडाभरात पुन्हा जिना चढू-उतरू लागल्या. लेकाच्या कंजूषपणाला त्यांनी मनातल्या मनात औक्ष मागितलं.

तेजूचा पहिला वाढदिवस आला. केंदूरहून गौतमीच्या माहेरचे आले, सतीशच्या कंपनीतले आले, वजीरमामा सहकुटुंब आले. खालची खोली माणसांनी भरली. आधी बुद्धवंदना घ्यायची, मग केक कापायचा, असं ठरलं. वरच्या खोलीत गौतमीनं तेजूला नवा फ्रॉक घातला आणि तिला सासूच्या कडेवर दिलं.

"आई, तिला खाली तुम्हीच आणा. वर्षभर तुम्हीच सांभाळलीय. समद्यांना बघू दे."

आणि ती खाली पळाली. पार्वतीबाईंचा ऊर भरून आला. असा मान त्यांना आयुष्यात कुणी दिला नव्हता. पोरीला घट्ट धरून त्या जिन्याच्या तोंडाशी आल्या.

"आली, आली!" खाली गलका झाला. टाळ्या वाजल्या. फोन वर झाले.

पार्वतीबाईंनी हात टाकला. स्टील नागडं होतं. पुढचा दांडा चाचपला, तोही तसाच. पाहुणे यायचे म्हणून गौतमीनं सकाळी खपून सगळं प्लास्टिक सोलून काढलं होतं आणि कठडा कोरड्या फडक्यानं लख्ख पुसला होता.

तरी त्या उतरल्या. एक पायरी, आणखी एक. चिंधी आत्ता लागेल, मग लागेल. लागली नाही. तेजू टाळ्या ऐकून उसळ्या मारत होती, तिचं वजन एका अंगाला जात होतं. पार्वतीबाईंनी एक पाऊल उचललं आणि ते तसंच अधांतरी राहिलं. मग त्यांनी ते मागं घेतलं.

"आज्जी, थांबा, मस्त पोज हाय!" कुणीतरी म्हणालं. "जरा हसा!"

पार्वतीबाई हसल्या. अजून एक पाऊल अंदाजानं टाकता आलं असतं. पडल्या असत्या तर एकट्या पडल्या नसत्या. पोरीचा गाल त्यांच्या गालाला लागला आणि त्यांचं सगळं बळ सरलं.

"सतीश," त्या म्हणाल्या, "वळण आलं का रं?"

एक-दोघं हसले. मग हसू विरलं. सतीशचा फोन खाली आला. तो आईकडे बघत राहिला. तिचं तोंड त्याच्याकडे होतं, पण नजर त्याच्या बाजूच्या भिंतीवर होती.

"आये," तो म्हणाला, "तुला दिसत न्हाई?"

तो धावत वर आला. आधी त्यानं पोर घेतली. मग आईचा हात धरला.

खाली आणून त्यांना खुर्चीत बसवलं, टीव्हीशेजारी. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. वंदना झाली, केक कापला. तेजू आजीकडे झेप घेऊन रडू लागली, तेव्हा पार्वतीबाईंनी आवाजाच्या दिशेनं दोन्ही हात पुढं केले.

गौतमीनं ते हात हळूच धरून त्यांच्याच मांडीवर ठेवले. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"आई, लय केलं तुम्ही. आता काय करू नका. तुम्ही निस्त्या बसून राहा."

पार्वतीबाई बसल्या. शेजारच्या दांड्यावर हात टेकला, तर बोटांना कमळ लागलं.